याकोबाची शिडी : ज्यू परंपरेतील स्वप्ने आणि चित्रे

स्वप्न आणि चित्र यांचे नाते फार पुरातन आहे. बाणासुराची कन्या उषा हिने स्वप्नात पाहिलेला तरुण कोण, हे तिला शब्दांत सांगता येईना. तेव्हा तिची सखी चित्रलेखा हिने एकामागून एक राजपुत्रांची चित्रे रेखाटली आणि अनिरुद्धाचे चित्र समोर येताच उषेने ते ओळखले, ही कथा आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असेल. भारहूतच्या शिल्पांत मायादेवीच्या स्वप्नातील हत्ती कोरलेला आहे. हरिश्चंद्राने तर स्वप्नात दिलेले राज्यदान जागेपणी पुरे करून दाखविले. जे कोणाच्याही दृष्टीस पडले नाही, जे पाहणाऱ्याच्याही स्मरणातून सकाळपर्यंत पुसट होऊ लागते, ते दुसऱ्याला दाखवावयाचे कसे, हा प्रश्न सर्वच प्राचीन संस्कृतींना पडलेला दिसतो.

प्रस्तुत लेखात ज्या समाजाने या प्रश्नाचा सुमारे अडीच हजार वर्षे पाठपुरावा केला, त्या ज्यू समाजाच्या परंपरेचा अल्प परिचय करून देण्याचा आमचा मानस आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याची कारणे दोन. बायबलातील महत्त्वाची स्वप्ने पाहणारे व त्यांचा अर्थ सांगणारे पुरुष बहुतेक घरापासून दूर पडलेले आहेत, आणि त्या स्वप्नांची चित्रे ज्यांनी भिंतींवर व पोथ्यांत जपली तेही परमुलखातच राहत होते. दुसरे कारण असे की, या समाजाची एक शाखा शतकानुशतके आपल्या कोकणात नांदली असून तिची मातृभाषा मराठी आहे.

तीन प्रवासी

ज्यू धर्मग्रंथातील, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्यास जुना करार म्हणतात त्यातील, सर्वांत प्रसिद्ध स्वप्न याकोबाचे आहे. वडीलभाऊ एसाव याचा आशीर्वाद कपटाने मिळविल्यामुळे याकोबावर घर सोडण्याची पाळी आली. बैरशेबाहून निघून हारानकडे जात असता वाटेत सूर्यास्त झाला. उशाला एक धोंडा घेऊन तो उघड्यावरच निजला. स्वप्नात त्याला पृथ्वीवर उभी असलेली आणि आकाशाला टेकलेली एक शिडी दिसली. तिच्यावरून देवदूत चढत होते व उतरत होते. जेथे जाशील तेथे मी तुझे रक्षण करीन आणि तुला या भूमीत परत आणीन, असे अभिवचन त्याला त्या स्वप्नात मिळाले. सकाळी उठून त्याने उशाचा धोंडा स्तंभासारखा उभा केला, त्यावर तेल ओतले आणि त्या स्थळाचे नाव बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे ठेविले. ज्याला स्वतःचे घर उरले नव्हते त्याने केलेले हे नामकरण आहे.

दुसरा प्रवासी याकोबाचा पुत्र योसेफ. आपल्या पेंढीपुढे भावांच्या पेंढ्या वाकल्या, सूर्य, चंद्र व अकरा तारे यांनी आपणांस नमन केले, अशी दोन स्वप्ने त्याने बापाच्या घरी पाहिली आणि भोळेपणाने सांगितलीही. परिणामी भावांनी त्याला वीस रुप्यांना विकले. मिसर देशात तो गुलाम झाला, पुढे बंदिवान झाला, आणि तेथे त्याचा दुसरा गुण प्रकट झाला. स्वतःची स्वप्ने सांगून आपत्ती ओढवून घेणारा योसेफ परक्यांच्या स्वप्नांचा अर्थ सांगू लागला. फारो राजाला सात पुष्ट व सात रोड गायी, सात भरदार व सात करपलेली कणसे दिसली. सात वर्षे सुकाळ व नंतर सात वर्षे दुष्काळ, असा अर्थ योसेफाने सांगितलाच, शिवाय सुकाळात कोठारे भरून ठेवण्याची योजनाही सांगितली. त्या वेळी तो तीस वर्षांचा होता. फारोने त्याला अधिकारपद दिले आणि त्याचे नावही बदलून मिसरी ठेविले.

तिसरा दानीएल. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथील लोकांना बंदी करून नेले. दानीएलाच्या ग्रंथातील कथा याच बंदिवासात घडते. नबुखद्नेस्सर राजाची अट विलक्षण होती. अर्थ तर सांगाच, पण मी पाहिलेले स्वप्नही तुम्हीच सांगा! दानीएलाने ते सांगितले. सोन्याचे मस्तक, रुप्याची छाती, पितळेचे पोट, लोखंडाचे पाय आणि लोखंड व माती यांची पावले असलेला एक प्रचंड पुतळा उभा आहे. कोणाचाही हात न लागता सुटलेला एक धोंडा त्याच्या पावलांवर आदळतो आणि पुतळ्याचा भुगा होतो. एकामागून एक साम्राज्ये येतील व जातील, असा त्याचा अर्थ. दानीएलासही बाबेलमध्ये नवे नाव मिळाले होते. या ग्रंथाचा बराचसा भाग हिब्रूत नसून त्या काळी दरबारी व्यवहारात असलेल्या अरामी भाषेत आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. नाव बदलले, भाषा बदलली, तरी स्वप्नाचा अर्थ सांगणारा आपला देव विसरला नाही, हे या कथांचे सूत्र होय.

सर्वच स्वप्ने परमुलखात पडली असे मात्र नाही. शलमोन राजाने गिबोन येथे, आपल्याच राज्यात, स्वप्नात बुद्धीचे दान मागितले. शिवाय स्वप्नांच्या नावावर लोकांना फसविणाऱ्यांविरुद्ध अनुवादाच्या ग्रंथात व यिर्मया संदेष्ट्याच्या वचनांत कडक इशारे आहेत. स्वप्नावर श्रद्धा आणि स्वप्न सांगणाऱ्याविषयी सावधगिरी, ही दोन्ही या परंपरेत प्रारंभापासून एकत्र नांदतात.

अर्थ सांगणाऱ्याचे मुख

यरुशलेमचे दुसरे मंदिर रोमनांनी इ. स. ७० मध्ये जाळले. त्यानंतर या समाजाचे जीवन ग्रंथ, पाठशाळा व प्रार्थनामंदिर यांभोवती गुंफले गेले. बाबेलच्या पाठशाळांत सिद्ध झालेल्या तालमूद या बृहद्ग्रंथातील बराखोथ नामक प्रकरणात स्वप्नांविषयी एक दीर्घ व अत्यंत रंजक चर्चा आहे. स्वप्न हा भविष्यवाणीचा साठावा अंश आहे, असे एक आचार्य म्हणतात. दुसरे सांगतात की, माणसाला स्वप्नात आपल्याच अंतःकरणातील विचार दिसतात. आपल्याकडील ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ या म्हणीशी हे मत किती जुळते! तिसरे एक आचार्य म्हणतात की, यरुशलेमात चोवीस स्वप्नपाठक होते, मी एकच स्वप्न चोवीस जणांना सांगितले, प्रत्येकाने निराळा अर्थ सांगितला आणि सगळेच खरे ठरले.

याच प्रकरणात बार हेद्या नावाच्या स्वप्नपाठकाची गोष्ट येते. दक्षिणा देणाऱ्यास तो शुभ अर्थ सांगे, न देणाऱ्यास अशुभ. अब्बाये व रावा या दोन पंडितांनी एकच स्वप्न पाहिले. एकाने पैसे दिले, दुसऱ्याने दिले नाहीत. एकाची भरभराट झाली, दुसऱ्यावर संकटे कोसळली. पुढे बार हेद्याच्या हातून पडलेले पुस्तक रावाच्या हाती लागले आणि त्यात त्याला आढळले की, स्वप्न हे अर्थ सांगणाऱ्याच्या मुखामागून जाते. गोष्ट विनोदी असली तरी तिच्यातील तत्त्व गंभीर आहे. स्वप्न जितके पाहणाऱ्याचे, तितकेच ते ज्याच्यापाशी सांगावे त्याचे असते. म्हणून अशुभ स्वप्न पडल्यास तीन स्नेह्यांना बोलावून त्यांच्या मुखातून ते शुभ असल्याचे वदवून घेण्याचा एक विधीही तालमूदाने सांगितला आहे. परमुलखात तीन स्नेही जवळ असणे हेच किती मोलाचे, हे आपल्या मंडळींस सांगावयास नको.

याकोबाच्या शिडीविषयी तर भाष्यकारांनी पिढ्यानुपिढ्या विचार केला. देवदूत स्वर्गातले; मग ग्रंथात ते आधी चढत होते व नंतर उतरत होते असे का म्हटले? फ्रान्समधील त्र्वा नगरीचा श्रेष्ठ भाष्यकार राशी (१०४०–११०५) याने दिलेले उत्तर असे : मायभूमीत याकोबाची सोबत करणारे देवदूत तिच्या सीमेबाहेर जात नाहीत, म्हणून ते वर चढून गेले, आणि परमुलखात सोबत करणारे दुसरे देवदूत त्याच्यासाठी खाली उतरले. द्राक्षमळ्यांच्या त्या फ्रेंच प्रदेशात बसून, मायभूमी कदाचित कधीही न पाहिलेल्या ज्यू वाचकांसाठी त्याने हे लिहिले. घर सोडताना सोबत सुटते हे तो नाकारीत नाही. नव्या भूमीची स्वतःची सोबत असते, एवढेच तो सांगतो. इतक्या थोड्या शब्दांत परदेशवासाचे एवढे समंजस वर्णन आमच्या वाचनात अन्यत्र आलेले नाही.

भिंतीवरचे स्वप्न

दहा आज्ञांपैकी एक आज्ञा मूर्ती व प्रतिमा करण्यास मनाई करते. त्यामुळे ज्यूंना चित्रकलेची परंपराच नाही, असे पंडित दीर्घकाळ मानीत आले. १९३२ च्या नोव्हेंबर महिन्यात या समजुतीस जबर धक्का बसला. सीरियात फरात नदीच्या काठी दुरा-युरोपस नावाच्या प्राचीन लष्करी नगराचे उत्खनन अमेरिकेतील येल विद्यापीठ व फ्रेंच पंडित यांच्या सहकार्याने चालू होते. तेथे वाळूखालून एक ज्यू प्रार्थनामंदिर निघाले आणि त्याच्या भिंती चित्रांनी भरलेल्या होत्या.

या मंदिराचा इतिहास मोठा बोलका आहे. मुळात ते एक साधे राहते घर होते. समाज वाढला तसे त्याचे रूपांतर प्रार्थनास्थानात झाले आणि इ. स. २४४–२४५ मध्ये ते विस्तारून नव्याने बांधण्यात आले. छताच्या विटांवर बांधकामाचे वर्ष आणि समाजाचा प्रमुख शमुवेल व त्याचे सहकारी यांची नावे अरामी भाषेत लिहून ठेविली होती. कोणाच्या तरी घरी भरणाऱ्या बैठकीपासून स्वतःच्या वास्तूपर्यंतचा असा प्रवास ज्यांनी केला आहे, त्यांना त्या विटांचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

उत्तरेकडील भिंतीवर याकोबाच्या स्वप्नाचे चित्र होते. वरचा भाग नष्ट झाला असला तरी निजलेला पुरुष व शिडी एवढे ओळखू येते. त्याच भिंतीवर यहेज्केल संदेष्ट्याला झालेले शुष्क अस्थींच्या खोऱ्याचे दर्शन अधिक चांगल्या स्थितीत आहे. विखुरलेली हाडे एकत्र येतात, त्यांवर मांस व त्वचा चढते आणि मृत राष्ट्र उठून उभे राहते. यहेज्केलही बाबेलच्या बंदिवासातलाच होता. दुराच्या चित्रांतील कित्येक पुरुषांचा पोशाख इराणी धाटणीचा आहे. चित्रकारांनी प्राचीन कथा आपल्या शेजारपाजारच्या वेषात पाहिली.

ती चित्रे वाचली कशी, तीही एक कथाच आहे. इ. स. २५६ च्या सुमारास इराणच्या सासानी सैन्याचा वेढा पडला तेव्हा रोमन शिबंदीने तटाला बळकटी आणण्यासाठी तटालगतच्या इमारती मातीने भरून टाकल्या. नगर पडले, ओस झाले, परंतु त्या मातीने चित्रांना सुमारे सतराशे वर्षे जपले. पुढे ती दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेऊन बसविण्यात आली.

पोथीचा प्रवास

मध्ययुगात ज्यू चित्रकलेने भिंतीपेक्षा पोथीचा आश्रय अधिक घेतला. ज्यांना केव्हाही गाव सोडण्याची आज्ञा होऊ शकते त्यांच्या दृष्टीने हे स्वाभाविकच होते. वल्हांडण सणाच्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून वाचावयाच्या पोथीस हग्गादा म्हणतात. मिसरच्या दास्यातून झालेली सुटका हा तिचा विषय, आणि ती मुलांना सांगावी हा तिचा हेतू. मुले जागी राहावीत म्हणून चित्रे हवीतच.

इ. स. १३२० च्या सुमारास बार्सिलोना परिसरात तयार झालेली ‘सुवर्ण हग्गादा’ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या पूर्णपृष्ठ चित्रांत सोनेरी पार्श्वभूमीवर याकोबाची शिडी, योसेफाची स्वप्ने, फारोचे स्वप्न ही सर्व येतात. मिसरमधून सुटकेच्या पोथीत ही स्वप्ने कशासाठी? कारण योसेफाच्या स्वप्नांमुळेच हे कुटुंब मिसरात गेले. सुटकेची कथा सांगावयाची तर तेथे आपण कसे आलो, हे मुलांना आधी सांगितले पाहिजे.

तिचीच धाकटी बहीण शोभेल अशी पोथी म्हणजे इ. स. १३५० च्या सुमाराची सारायेव्हो हग्गादा. सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोशेच्या मृत्यूपर्यंतच्या चित्रांची ३४ पाने तिच्या आरंभी आहेत. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली तेव्हा ती कोणा कुटुंबासमवेत बाहेर पडली असावी. १६०९ मध्ये ती इटलीत होती, कारण तेथील धर्मपरीक्षकाने तपासून सही केल्याची नोंद तिच्यावर आहे. १८९४ मध्ये कोहेन आडनावाच्या एका ज्यू गृहस्थाने ती बोस्नियातील सारायेव्हो संग्रहालयास विकली. १९४२ मध्ये नाझी सेनापती ती मागावयास आला असता संग्रहालयाचे मुसलमान ग्रंथपाल देर्विश कोर्कुट यांनी ती गुप्तपणे बाहेर काढून सुरक्षित ठेविली. १९९२ मध्ये शहराला वेढा पडला तेव्हाही संग्रहालयातून ती वाचविण्यात आली आणि बँकेच्या तळघरात ठेवण्यात आली. २०१७ मध्ये युनेस्कोने तिचा समावेश ‘जगाची स्मृती’ या यादीत केला. तिच्या पानांवर मद्याचे डाग आहेत. सणाच्या रात्री ती खरोखरीच ताटांजवळ उघडली जात असे, याचे हे डाग साक्षीदार होत.

एका धोंड्याच्या तीन कथा

सतराव्या शतकात ॲमस्टरडॅम नगरीत स्पेन-पोर्तुगालच्या छळातून निसटलेल्या ज्यूंना आश्रय मिळाला होता. त्यांच्यातील एक विद्वान मनश्शे बेन इस्राएल याने १६५५ मध्ये स्पॅनिश भाषेत एक छोटे पुस्तक लिहिले. नबुखद्नेस्सराच्या स्वप्नातील पुतळा फोडणारा धोंडा, याकोबाने उशाशी घेतलेला धोंडा आणि दावीदाने गल्याथावर गोफणीतून फेकलेला धोंडा हे तिन्ही एकच होत, असे त्याचे प्रतिपादन. या पुस्तकासाठी रेम्ब्रांट या थोर डच चित्रकाराने चार छापचित्रे कोरली : पुतळा, शिडी, दावीद व गल्याथ, आणि दानीएलाचे दर्शन. रेम्ब्रांट स्वतः ज्यू नव्हता, पण ज्यू वस्तीतच राहत होता.

त्याच वर्षी मनश्शे लंडनला गेला. इंग्लंडने १२९० मध्ये ज्यूंना हद्दपार केले होते. त्यांना पुन्हा राहू द्यावे, अशी विनंती त्याने क्रॉमवेलपुढे मांडली. औपचारिक निर्णय झाला नाही, तरी पुढच्याच वर्षापासून लंडनमधील ज्यूंना उघडपणे प्रार्थना करण्याची मोकळीक मिळू लागली. साम्राज्ये जातील व निराश्रितांना ठाव मिळेल, हा दानीएलाच्या स्वप्नाचा अर्थ मनश्शेच्या लेखी केवळ पांडित्याचा विषय नव्हता.

स्वप्न व चित्र यांचे एक चमत्कारिक वर्तुळ पुढे व्हिएन्ना शहरात पुरे झाले. आधुनिक स्वप्नमीमांसेचा प्रणेता सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) याच्या बालपणी घरात फिलिप्सन याने संपादिलेले सचित्र बायबल होते. लहानपणी पडलेल्या एका भयंकर स्वप्नातील पक्ष्यांच्या चोचींची माणसे याच ग्रंथातील मिसरी चित्रांवरून आली होती, असे त्याने आपल्या स्वप्नविषयक ग्रंथात नमूद केले आहे. आपण स्वप्नांत योसेफ नावाच्या माणसांआड दडतो, कारण स्वप्नांचा अर्थ सांगणाऱ्याचे बायबलातील नाव तेच, असेही तो लिहितो. स्वप्नांवरून चित्रे निघाली होती, आता चित्रांवरून स्वप्न पडले. नाझींनी व्हिएन्ना घेतल्यावर १९३८ मध्ये वृद्ध फ्रॉइडलाही देश सोडून लंडन गाठावे लागले.

रशियन साम्राज्यातील व्हितेब्स्क गावी १८८७ मध्ये जन्मलेल्या मार्क शागालचीही तीच कथा. १९३०च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याला बायबलाची चित्रमाला कोरण्याचे काम मिळाले. १९४१ मध्ये त्याला फ्रान्स सोडून अमेरिकेस जावे लागले. १०५ चित्रांची ती माला १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रान्समधील नीस येथे १९७३ मध्ये उघडलेल्या त्याच्या संग्रहालयात ‘याकोबाचे स्वप्न’ हे भव्य चित्र आहे. एका बाजूस काळोख्या जांभळ्या रंगात लाल वस्त्रातला याकोब व शिडीवर डोंबाऱ्यांसारखे तोल सावरणारे देवदूत, दुसऱ्या बाजूस निळाईत प्रकाश धरून आलेला देवदूत. युरोपातील लक्षावधी ज्यूंच्या संहारानंतर काढलेले हे चित्र आहे. परत आणीन या अभिवचनाचा अर्थ त्या संहारानंतर काय उरतो, हा प्रश्न शागालच्या चित्रासमोर उभे राहणाऱ्यास टाळता येत नाही, आणि चित्रही त्याचे सोपे उत्तर देत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर

आता आपल्या घराकडे वळू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या व त्यांच्यापासून आपला समाज वाढला, अशी बेने इस्राएल मंडळींची परंपरागत समजूत आहे. तेलाचे घाणे चालविणारे व शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. दिवेकर, पेणकर, किहीमकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडली. समाजाचे मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मंडळींनी बायबलातील आख्याने मराठी कीर्तनाच्या साजात रंगवून सांगण्यास प्रारंभ केला.

हग्गादेची परंपराही येथे पोचली. मराठी अर्थासह हग्गादा मुंबईस १८४६ मध्ये छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यास विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात तळकर आडनावाच्या दोन बेने इस्राएल गृहस्थांनी मराठी भाषांतरासह सचित्र हग्गादा काढली. चित्रांची धाटणी युरोपीय पोथ्यांची आहे. परंतु सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साड्या नेसलेल्या आहेत. दुराच्या चित्रकाराने इराणी पोशाख रंगविला, पुण्याच्या चित्रकाराने साडी रंगविली. एका ब्राह्मणाच्या छापखान्यात, मोडीत हिशेब लिहिणाऱ्या पुणे शहरात, मिसरमधून सुटल्याची कथा मराठीत छापली जावी, हे आपल्या भाषेलाही भूषणावह आहे.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. ज्या भूमीकडे तोंड करून त्यांच्या पूर्वजांनी प्रार्थना केली, तेथे पोचल्यावर त्यांना कोकणची आठवण येऊ लागली. त्यांनी तेथे मराठीत ‘मायबोली’ नावाचे नियतकालिक काढले आणि सणासमारंभांत मलिद्याचा विधी चालू ठेविला. दिमोना, लोद, रामले, अश्दोद या गावांत त्यांची वस्ती आहे, आणि बैरशेबा येथेही आहे. याकोब उशाला धोंडा घेऊन निजला, त्या रात्री ज्या गावाहून तो निघाला होता, ते हेच बैरशेबा. तेथील काही घरांत आजही आजी नातवंडांना मराठीत हाक मारते.